राख चाळायचा बंद डबा

राख चाळताना जी धूळ उडते ती चाळणीने उडत नाही, हवेने उडते. एवढं एक नीट कळलं की घरच्या घरी असा डबा करता येतो, ज्यात राख चाळली तरी शेजारच्या दोरीवरचा पांढरा शर्ट पांढराच राहतो. असा डबा मी केला आहे. करी रोडला आमच्या चाळीच्या जिन्याखाली तो रोज सकाळी फिरतो. कसा केला आणि तसाच का केला हे इथे लिहून ठेवते आहे, कारण मुंबईत अजून कितीतरी जिन्यांखाली आणि फुटपाथच्या कडेला, इस्त्रीच्या राखेतून उरलेला कोळसा निवडायला, नाकाला पदर लावून कुणीतरी हातात चाळणी घेऊन बसलेलं असतं, आणि त्यांच्यासाठी तयार असं काही दुकानात मला कधी दिसलं नाही.

माझं सगळं नोकरीचं आयुष्य पावडरीत गेलं. औषधाच्या कारखान्यात, ग्रॅन्युलेशनला. गोळी दाबायच्या आधी तिची पावडर चाळावी लागते, ओली करून तिचे दाणे करावे लागतात, ते वाळवून पुन्हा चाळावे लागतात. तिथली चाळणी म्हणजे वायब्रो सिफ्टर. स्टीलचं गोल यंत्र, वर झाकण, मध्ये जाळी, खालच्या तोंडाला बांधलेली कापडाची किंवा सिलिकॉनची बाही आणि बाहीच्या दुसऱ्या टोकाला बंद पिंप. पावडर कुठेही उघड्यावर पडू द्यायची नाही. जी पावडर हवेत गेली ती गोळीत आली नाही, आणि ती कुणाच्या तरी छातीत गेली, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं. पुढे नव्या मुली माझ्या हाताखाली आल्या तेव्हा मी त्यांना आधी बाही बांधायला शिकवायचे, यंत्राचं बटण नंतर.

आमच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल आहे. काका-काकी साताऱ्याकडचे, परीट. इस्त्री कोळशाची, जुनी, चांगली जड. दिवसभर तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, फुंकायचा, आणि रात्री टेबल आवरताना पोटातली सगळी राख घमेल्यात उपडी करायची. सकाळी काकी ती राख पिठाच्या चाळणीने चाळायच्या. चाळणीत जे काळे तुकडे राहतात ते निवडून पुन्हा इस्त्रीत. हे काम त्या अंधार असतानाच उरकायच्या, म्हणजे कुणाला त्रास नको. तरी व्हायचाच. चाळीचा चौक म्हणजे चारी बाजूंनी गॅलऱ्या आणि मधून वर जाणारी हवा. खाली उडालेली राख पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दमा आहे त्यांच्या खोलीत जायची. आणि सगळ्यांत जास्त जायची ती काकींच्याच नाकातोंडात. त्यांचा खोकला मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. पावडर खाल्लेल्या माणसाचा खोकला मी ओळखते.

चाळीच्या बैठकीत विषय निघाला. चाळू नका, तशीच कचऱ्यात टाका, असं बहुतेकांचं मत पडलं. काकी म्हणाल्या, "ताई, कोळसा फेकायला तो काय फुकट येतो?"

त्यांचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. चांगल्या लाकडी कोळशात राखेचा अंश वजनाने शेकडा तीनच्या आसपास असतो. म्हणजे वीस किलो कोळसा पुरता जळला तर मागे सहाशे ग्रॅम राख उरायला हवी. घमेल्यात त्याहून कितीतरी जास्त जमतं. जे जास्तीचं आहे ते न जळलेलं इंधन आहे. इस्त्रीत कोळसा राखेत गुरफटला की त्याला वारा मिळत नाही, तो तिथेच विझतो. वरून जळायला तयार असलेला तो तुकडा राखेबरोबर बाहेर पडतो. न चाळता टाकायचं म्हणजे रोज चांगला कोळसा कचऱ्याच्या गाडीत घालायचा. ज्यांच्या धंद्यात एका कपड्यामागे सुटे पैसे मिळतात त्यांना हे सांगणं मला अन्यायाचं वाटलं. चाळणं बंद करायचं नव्हतं. उडणं बंद करायचं होतं.

हा प्रश्न थंड देशांत घरोघरी होता. इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्यात भिंतीतली शेकोटी असायची आणि तिच्यात दगडी कोळसा जळायचा. रोज सकाळी जाळीखालची राख काढायची, त्यात अर्धवट जळालेले खडे असायचे, ते चाळून पुन्हा आगीत घालायचे. काटकसरी घरांत हे रोजचं काम होतं आणि करायची ती घरातली मोलकरीण. गालिचे, पडदे, पुस्तकं असलेल्या घरात राख चाळायची म्हणजे घरभर करडा थर. म्हणून बंद चाळण्या निघाल्या. अमेरिकेत त्या काळी राख चाळायच्या यंत्रांची पेटंटं निघत होती. बहुतेकांचा सांगाडा एकच: लाकडी पिंप किंवा पेटी, वर घट्ट झाकण, आत जाळी, बाहेर मूठ. मूठ फिरवली किंवा हलवली की राख पिंपात पडायची, खडे जाळीवर राहायचे. राखेचं अमेरिकेला इतकं मोल होतं की तिथल्या सरकारने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, लाकडाच्या राखेतून पोटॅश काढायच्या सुधारलेल्या पद्धतीसाठी होतं.

लंडनमध्ये घराघरांतली राख गोळा करून मोठ्या आवारांत तिचे डोंगर रचत. तिथे बायका चामड्याचे एप्रन बांधून, कमरेपर्यंत राखेत उभ्या राहून हाताच्या चाळण्यांनी ती चाळत. बारीक राख वीटभट्टीवाले घेऊन जात आणि विटांच्या मातीत मिसळत. लंडनच्या जुन्या पिवळसर विटांमध्ये ती राख आहे. खडे त्याच विटा भाजायला. काहीही वाया जात नसे, आणि श्वास मात्र त्या बायकांचा जात असे. घरातल्या गालिच्यासाठी बंद पेटी निघाली. आवारातल्या बाईला कुणी बंद पेटी दिली नाही. हे वाचलं तेव्हापासून काकींकडे बघताना मला ते आठवायचं.

आपल्याकडे गालिचे नव्हते, पण राख होती. मी याच चाळीत वाढले. माझ्या लहानपणी निम्म्या खोल्यांत शेगडी होती. कोळशाची भुकटी उरली की आजी शेण-मातीत कालवून तिचे गोळे थापायची आणि गच्चीवर वाळत घालायची. शेगडीची राख वेगळ्या डब्यात. त्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने नळावर भांडी घासली जायची. राख आधी हाताने चाचपून बघायची, खडा राहिला तर भांड्याला ओरखडा. रात्री झोपण्यापूर्वी एखादा निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि सकाळी उकरून त्यावर नवा विस्तव करायचा, हेही मी पाहिलं आहे. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता हवेबद्दल.

राखेचे कण वेगवेगळ्या आकाराचे असतात. जाड कण टपकन खाली पडतात, त्यांचा त्रास नाही. त्रास बारकांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याइतक्या घनतेचा, दहा मायक्रॉन जाडीचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने खाली येतो. अडीच मायक्रॉनचा कण सेकंदाला एक पंचमांश मिलिमीटर. माणसाचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. एक हात उंचीवरून खाली यायला ज्याला अर्धा-पाऊण तास लागतो त्याला उचलून न्यायला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नाही, माणसाचं चालणं पुरतं. दिवाळीनंतर वर्तमानपत्रात पीएम १० आणि पीएम २.५ म्हणून जे आकडे येतात ते याच कणांचे.

असा कण हवेत जातो कसा? राख उंचावरून पडते तेव्हा ती आपल्याबरोबर हवा ओढत खाली नेते. ती हवा तळाला आपटून बाजूने वर येते आणि बारीक कण घेऊन येते. दुसरं, भांड्यात राख भरली की तेवढ्याच आकारमानाची हवा भांड्यातून बाहेर पडते, आणि ती मोकळी जात नाही. तिसरं, झाकण फटकन उघडलं की आत बाहेरची हवा घुसते आणि खाली बसलेलं पुन्हा उठतं. जाळी या तिन्हीत कुठेच नाही. म्हणून बारीक जाळी आणली, महागडी चाळणी आणली, तरी धूळ तेवढीच उडणार. पडण्याची उंची कमी करा, बाहेर पडणाऱ्या हवेला कापडातून वाट द्या, आणि उघडण्यापूर्वी थांबा. कारखान्यातली लाखो रुपयांची यंत्रं हेच तीन नियम पाळतात.

आमचा डबा असा आहे.

वरचा भाग म्हणजे पंधरा किलो तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा. धारावीत असे जुने डबे धुऊन, पोचे काढून परत विकायचा मोठा धंदा आहे, तिथून घेतला. वरची बाजू पूर्ण कापून तिला बिजागरीचं झाकण केलं आणि झाकणाच्या कडेला दारांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवली. दोन बाजूंना दोन कड्या, झाकण दाबून बसावं म्हणून. तळाला टीचभर रुंदीचं गोल भोक पाडून त्याला खाली पत्र्याची कॉलर डाग देऊन जोडली.

आत आडवा दांडा, आणि दांड्यावर जाळीचा लांबट गोल पिंजरा. पिंजऱ्याची भोकं तीन मिलिमीटरची. तीन का, तर त्याहून बारीक कोळसा इस्त्रीत घातला की तो मोठ्या तुकड्यांच्या फटी बुजवतो आणि वारा अडवतो. काकींच्या बोटांना हे माझ्याआधी माहीत होतं, त्या तेवढेच तुकडे निवडत असत. पिंजऱ्याला एक जाळीचं दार, तारेच्या आकड्याने बंद होणारं. दांडा डब्याच्या दोन बाजूंनी बाहेर येतो तिथे आतून-बाहेरून नमद्याच्या चकत्या आणि वॉशर, म्हणजे फटीतून धूळ येत नाही. बाहेर मूठ लावली ती जुन्या हाताने फिरवायच्या शिवणयंत्राची.

जाळी नागदेवी स्ट्रीटला मिळाली. तिथे जाळीच्या दुकानात भोकाचा आकार किंवा नंबर सांगायचा. नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं. वीस नंबरचं भोक साधारण ०.८५ मिलिमीटर, चाळीसचं ०.४२, साठचं ०.२५. जाळी स्टेनलेस स्टीलचीच घ्या. खिडकीला डासांसाठी लावतात ती अॅल्युमिनियमची जाळी चालत नाही, राख अल्कधर्मी असते आणि मुंबईच्या दमट हवेत ती अॅल्युमिनियम खाते. प्लास्टिकची जाळी तर घेऊच नका, एखादा तुकडा गरम राहिला की तिला भोक पडतं.

खालचा भाग म्हणजे झाकणाची स्टीलची कोठी, घरात तांदळाला असते तसली. तिच्या तोंडावर चाळीस नंबरच्या जाळीची एक चौकट बसते. पिंजऱ्यातून पडलेली राख या दुसऱ्या जाळीवर येते, बारीक राख कोठीत जाते, जाडसर चुरी वर राहते. आणि वरच्या डब्याची कॉलर आणि कोठीचं तोंड यांना जोडणारी जाड कापडाची बाही. दोन्ही टोकांना नाडी. बाही आखूड, वीतभर. लांब केली तर पडण्याची उंची वाढते.

आता महत्त्वाचं. झाकणाला मुठीएवढं भोक पाडलं आहे आणि त्यावर दुहेरी मांजरपाटाची पिशवी बांधली आहे. मूठ फिरते, डब्यावर टिचक्या मारल्या जातात, तशी खालची बाही भात्यासारखी दबते आणि फुगते. आतली हवा सारखी बाहेर पडायची वाट शोधत असते. तिला वाट दिली नाही तर ती दांड्याच्या भोकातून, झाकणाच्या फटीतून, नाडीच्या सुरकुतीतून येते आणि धूळ घेऊन येते. पिशवी दिली की ती तिथून जाते, कण कापडाला अडकतात, हवा तेवढी बाहेर. चाळताना पिशवी हलकी हलकी फुगते-बसते हे दिसतं. जो कुणी हा डबा करील त्याला माझं सांगणं आहे, की बाकी कुठेही काटकसर करा, जाळी एक नंबर इकडे-तिकडे चालेल, मूठ लाकडाच्या दांड्याची चालेल, पण ही पिशवी गाळू नका. कारखान्यात वाळवणीच्या यंत्रात अशाच कापडी पिशव्या टांगलेल्या असतात, बोटांसारख्या लांब, आणि त्या मधूनमधून झटकून त्यावरची पावडर परत आत पाडतात. आपणही चाळून झालं की पिशवीवर बाहेरून हळूच टिचक्या मारायच्या.

भरायची पद्धत: राख ओतायची नाही. पळी पिंजऱ्याच्या तळाला टेकवायची आणि मग कलती करायची. पिंजरा निम्म्याहून कमी भरायचा, नाहीतर आत काही हलत नाही. झाकण लावून मूठ सावकाश फिरवायची. घाईने फिरवलं तर कोळसा आपटून त्याचीच भुकटी होते आणि ज्यासाठी चाळतो तेच जातं. मिनिटाला वीसेक फेरे, तीन-चार मिनिटं. मग थांबायचं. डबा साधारण एक फूट उंच आहे, त्यातला अडीच मायक्रॉनचा कण खाली बसायला पंचवीस-सव्वीस मिनिटं लागतात. म्हणून अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. तेवढ्यात काकी चहा करतात, कपडे पाण्याने शिंपडून ठेवतात. हे थांबणं काकांना पटायला वेळ लागला. मी एकदा लगेच उघडून आणि एकदा अर्ध्या तासाने उघडून, दोन्ही वेळा वर मोबाईलची बॅटरी धरून दाखवलं. पहिल्या वेळी उजेडात वर चढणारी राख त्यांना दिसली. त्यानंतर तेच इतरांना थांबायला सांगतात.

थांबण्याची आणखी एक जागा आहे, चाळण्याच्या आधीची, आणि ती जिवाशी आहे. आजीचा राखेतला निखारा आठवा. राख उत्तम दुलई आहे. वरून हाताला गार लागणाऱ्या राखेच्या पोटात निखारा रात्रभर, कधी त्याहून जास्त जिवंत राहतो. तो पिंजऱ्यात फिरला, त्याला हवा मिळाली की पेटतो, वर कापडाची पिशवी आणि खाली कापडाची बाही. आमचा जिना लाकडाचा आहे, जुन्या चाळींचे असतात तसा. म्हणून रात्रीची राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, विटेवर ठेवलेल्या, जिन्यापासून लांब, उघड्या हवेत. आजची राख उद्या चाळायची नाही, परवा चाळायची. त्यासाठी दोन डबे आहेत, एकावर लाल पट्टा, एकावर पिवळा. आणि निखाऱ्याचा डबा थंडी-पावसात खोलीत नेऊन ठेवायचा नाही. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, बंद खोलीत तो माणूस मारतो.

उडू नये म्हणून पाणी मारा असंही काही जणांनी सुचवलं. ओली राख चाळली जात नाही, चिकटते, आणि तिचं पाणी हाताची कातडी सोलतं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढायचा विचार तर करूच नका. बारीक राख साध्या पिशवीतून आरपार जाऊन मागून खोलीत फवारली जाते, आणि एखादी ठिणगी आत गेली तर यंत्र पेटतं. सांडलं तर ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू नाही. आणि डबा बंद आहे म्हणून मास्क सोडायचा नाही, भरताना आणि उघडताना काकी एन-९५ लावतात.

पावसाळ्यात हे काम अवघड होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत राखेचे गोळे होतात आणि चाळीस नंबरची जाळी बुजते. तेव्हा खालची चौकट काढून ठेवायची आणि नुसता पिंजरा फिरवायचा. कोळसा परत मिळतो, बारीक राखेचा नाद चार महिने सोडायचा.

चाळून तीन गोष्टी मिळतात. पिंजऱ्यातला कोळसा इस्त्रीत जातो. जाळीवरची चुरी गच्चीवरच्या कुंड्यांत तळाला जाते. आणि कोठीत राहते ती मऊ, करडी राख, जिला सगळ्या मजल्यांवरून मागणी आहे. समई, तांब्या, निरांजन चिंचेने घासून मग या राखेने उजळायचं. खडा नसल्यामुळे ओरखडा येत नाही. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र लावायची नाही, ती काळी पडतात. गावाहून आलेले वाल, कुळीथ या राखेत घोळवून ठेवले की कीड लागत नाही. राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण घासून काढते, त्याच्या अंगातलं पाणी निघून जातं. ओल्या राखेला हा गुण नाही, म्हणून आई पूर्वी ती उन्हात तापवून घ्यायची. कुंडीला महिन्याला चमचाभर पुरे, आणि युरियासारख्या खताबरोबर एकाच वेळी घालू नये, खतातला नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो.

कुठली राख घ्यायची याबद्दल मी कडक आहे. आमची राख लाकडी कोळशाची आहे, म्हणून ती भांड्याला आणि कुंडीला चालते. डबा झाल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी बेकरीच्या भट्टीची राख पोत्याने आणून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांमध्ये मोडलेलं फर्निचर, पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या, प्लायवूड असं बरंच जळतं. जुन्या रंगात शिसं असतं आणि शिसं जळून नाहीसं होत नाही, राखेत राहतं. दगडी कोळशाची राखही तशीच, तिच्यातही जड धातू असतात. ती भांड्याला, धान्याला, भाजीच्या कुंडीला लावायची नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं ते हवेसाठी. राखेचा विचार केला तरी मला ते योग्यच वाटतं.

इस्त्रीही गॅसवर जाईल. गॅसच्या इस्त्र्या बाजारात आल्या आहेत, आमच्या मागच्या गल्लीत एकाने घेतली आहे. काकाही घेतील, त्यांच्या मुलाने तसं ठरवलं आहे, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण तोपर्यंत रोज सकाळी राख निघणार आहे आणि कुणीतरी ती चाळणार आहे. "आता बंदच होणार आहे" म्हणून चाळणारीच्या छातीकडे बघायचं नाही, हे मला मान्य नाही. सगळा डबा मजुरीसकट दीड हजाराच्या आत झाला. पत्र्याचं काम करणाऱ्याने एका दुपारी जोडून दिला. पिशवी आणि बाही मी घरी शिवली. पिशवी महिन्याने सोडून, गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून, बादलीच्या पाण्यात बुडवूनच धुवायची, कोरडी झटकायची नाही. पूर्ण वाळल्याशिवाय परत बांधायची नाही.

वहिनी आता कपडे सकाळीच वाळत घालतात. काकींचा खोकला पुरता गेलेला नाही, इतक्या वर्षांचा आहे. केईएमला दाखवून घेतलं, औषध चालू आहे, आणि सकाळचं कमी झालं आहे असं त्या स्वतः सांगतात.

चिंचपोकळीचे एक इस्त्रीवाले डबा बघून गेले. त्यांच्या बायकोला बसून फिरवायचा आहे, आणि ती डावखुरी आहे. त्यामुळे त्यांच्या डब्याला मूठ डाव्या बाजूला आणि खालची कोठी बुटकी, कोठी बुटकी म्हणजे राखही लवकर खाली बसेल. जाळी आणून ठेवली आहे. तेलाचा डबा येत्या रविवारी धारावीतून आणायचा आहे.